तीस सेकंदांचं प्रबोधन

२८ मे २०२१च्या रात्री उल्हासनगर कॅम्प २मधल्या नेहरू चौकात एका पाच मजली इमारतीचा वरचा स्लॅब खालचे मजले फोडत तळापर्यंत आला. सात माणसं गेली.

हल्ली धोका तीस सेकंदांच्या रीलमध्ये समजावतात. स्लॅबला तेवढाही वेळ लागत नाही.

रीलमध्ये छोटा धडा चपखल बसतो. जुलै २०२४मध्ये शिवडी स्थानकातला लोकलला लटकणारा मुलगा व्हायरल झाला. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान त्याच्या घरी पोचले, तेव्हा दुसऱ्या एका स्टंटमध्ये त्याने एक हात आणि एक पाय आधीच गमावला होता. मध्य रेल्वेने त्याचीच कहाणी व्हिडिओतून दाखवली. लटकू नका, संपला विषय.

इमारतीचं तसं नाही. धोक्यानुसार तिच्या श्रेणी ठरतात: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा, सी-२बी म्हणजे आत राहूनच दुरुस्त करा, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तिसऱ्या प्रकारापर्यंत पाहणाऱ्याचा अंगठा उल्हासनगरातल्याच गजानन मार्केटच्या साड्यांच्या रीलवर सरकलेला असतो. शिवाय बीमला गेलेला तडा राहणाऱ्यांना रोज दिसतो, तो झूम करून दाखवावा लागत नाही. अडतं ते पुढे: इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे पैसे कोण काढणार, घर सोडलं तर भाडं कोण भरणार आणि परत घर मिळेल याचा कागद कोण देणार?

‘धोकादायक इमारतीत राहू नका,’ असं रील सांगतं. खाली कुणी ‘मग राहू कुठे?’ असं विचारलंच, तर उत्तरादाखल हात जोडलेला इमोजी तयार असतो.