ड्राफ्टाचार्य

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या काही मराठी घरांत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक गणपतीची, ती वर दिवाणखान्यात. दुसरी तळघरात, दार लावून. ही दुसरी तयारी करणारा गृहस्थ साधारण चाळिशीचा, पेशानं संगणकवाला. लहानपण सांगलीत नाहीतर ठाण्यात, सगळं क्रिकेटमध्ये गेलेलं. अमेरिकन फुटबॉलचा तो लांबुळका चेंडू त्यानं कधी हातात घेतलाच असेल तर ऑफिसच्या पिकनिकला, आणि तेव्हाही तो सुटला असणार. पण ऑफिसातल्या बारा जणांच्या फॅन्टसी लीगमध्ये त्याचा एक संघ आहे आणि ऑगस्टअखेर त्या संघासाठी खेळाडू उचलायचे आहेत. आपण त्याला ड्राफ्टाचार्य म्हणू.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले खरे खेळाडू बारा जणांनी कागदोपत्री वाटून घ्यायचे. रविवारी ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात : धावून किंवा झेल घेऊन दहा यार्ड काढले की एक गुण, टचडाउन केला की सहा. ही वाटणी म्हणजे ड्राफ्ट, आणि ती पाळीपाळीनं, नागमोडी. पहिल्या फेरीत ज्याचा नंबर पहिला, त्याचा दुसऱ्या फेरीत शेवटचा. म्हणजे मधले बावीस खेळाडू डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या घरी जातात. आपली पाळी आली की हातात साधारण दीड मिनिट. त्या दीड मिनिटासाठी ड्राफ्टाचार्य सगळा उन्हाळा अभ्यास करतो.

यंदा सहा महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या आईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू खेळत नाहीस, जे खेळतात ते तुला ओळखत नाहीत, मग दरवर्षी तू हरतोस कसा रे?" 

याचं उत्तर त्याच्या एक्सेलमध्ये आहे. ही फाइल पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका. वरवर पाहता ती खेळाडूंची यादी आहे. नीट पाहिलं तर प्रत्येक रकान्याखाली एकेका मोसमाचं दुखणं पुरलेलं दिसतं. "करार" हा रकाना २०१८ चा. त्या वर्षी त्यानं पहिल्या फेरीत पिट्सबर्गचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, लेव्हिऑन बेल घेतला होता. बेल पैशांवरून अडला आणि अख्खा मोसम मैदानात उतरलाच नाही. त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरनं धडाधड गुण मिळवले, ते अर्थात दुसऱ्याच्या संघाला. तेव्हापासून आपला ड्राफ्टाचार्य खेळाडूंचे करार वकिलाच्या बारकाईनं वाचतो आणि प्रत्येक रनिंग बॅकच्या मागचा बदली गडीही घेऊन ठेवतो. या बदली गड्याला तिथे हँडकफ म्हणतात. गेल्या दोन वर्षांत त्याच्या संघातला एकही खेळाडू करारावरून अडलेला नाही. बाकावर मात्र हँडकफांची गर्दी झाली आहे.

"नवखे" हा रकाना २०२३ चा. एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस रॅम्स संघानं पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर, पुका नाकुआ नावाचा मुलगा घेतला होता. बहुतेक फॅन्टसी लीगमध्ये त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं पहिल्याच मोसमात १,४८६ यार्ड झेलले. नवख्या खेळाडूचा तो विक्रम ठरला. ड्राफ्टाचार्यानं धडा घेतला आणि २०२४ मध्ये नाकुआला सर्वांच्या आधी उचलला. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. लगेच "गुडघा" हा रकाना आला. त्याच वर्षी जवळपास सगळ्या पंडितांनी पहिल्या क्रमांकावर ठेवलेला ख्रिश्चन मॅकॅफ्री पहिले आठ सामने बाहेर बसला आणि मोसमभरात चारच खेळला. म्हणून "पोटरी".

पोटरीच्या पुढचा रकाना वयाचा. इथे ड्राफ्टाचार्य थेट स्थळं बघणाऱ्या आत्याबाईच्या भूमिकेत शिरतो. मुलगा दिसायला दणकट आहे, पण अठ्ठाविशी उलटली. कॉलेजात दोनदा खांदा निखळला होता. घराणं चांगलं, पण प्रशिक्षक बदललाय, तिथे त्याला कितपत विचारतील?

थोडक्यात, दर ऑगस्टमध्ये तो मागच्या वर्षीची लढाई जिंकायला निघतो. रनिंग बॅक जायबंदी झाले की पुढच्या वर्षी "झिरो आरबी" : पहिल्या काही फेऱ्यांत रनिंग बॅकला हातच लावायचा नाही. ते फसलं की "हीरो आरबी" : एकच घ्यायचा, पण तगडा. दोन्ही सिद्धान्तांवर तो तितक्याच तळमळीनं बोलतो. मला त्याचं कौतुक वाटतं ते यासाठी की, मत बदलल्याचा त्याला स्वतःलाही पत्ता लागत नाही.

हा रोग जुना आहे. ऑकलंड रेडर्सचे भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ मध्ये संघाच्या दौऱ्यावर असताना न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात दोघातिघांबरोबर बसून या खेळाचे नियम लिहिले. पुढच्या ऑगस्टमध्ये ऑकलंडमध्ये त्यांच्या घरी आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला. पहिला मान मिळाला जॉर्ज ब्लँडाला, जो क्वार्टरबॅकही होता आणि किकही मारायचा. जिम ब्राउन त्या वेळी उपलब्ध होता. त्यानं त्या मोसमात १,८६३ यार्ड धावून विक्रम केला. फॅन्टसीच्या इतिहासातली पहिलीच निवड हुकली होती, हे ड्राफ्टाचार्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "त्यांच्याकडे एक्सेल नव्हतं."

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि एनएफएलचा मोसम ४ सप्टेंबरला सुरू झाला. मधल्या आठवड्यात ड्राफ्टवाल्या मराठी घरांत काय झालं असेल याची कल्पना करा. वर आरती, खाली ड्राफ्ट. आणि घालीन लोटांगणच्या ऐन रंगात आपला नंबर येणार म्हणून एका हातात टाळ आणि दुसऱ्या हातात फोन.

ड्राफ्टच्या रात्री मात्र त्याला पाहावं. कुणी ईगल्स संघाचा भक्त भाबडेपणानं ईगल्सचेच खेळाडू घेत सुटतो. कुणी बैठक विसरलेला असतो, त्याचे खेळाडू संगणक आपोआप निवडतो. ड्राफ्टाचार्य प्रत्येकाच्या निवडीवर निकाल देतो : "रीच केलंस. दोन फेऱ्यांनी मिळाला असता." मध्यरात्री तो झोपायला जातो तेव्हा त्याचा संघ लीगमध्ये सर्वोत्तम असतो, आणि कागदावर ते खरंही असतं. मग रविवार येतो. नोव्हेंबरपर्यंत तो नवव्या क्रमांकावर आणि संगणकाच्या भरवशावरचा विसरभोळा दुसऱ्या.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काही लीगांत तळाला राहणाऱ्याला वॉफल हाउसमध्ये चोवीस तास बसण्याची शिक्षा असते. खाल्लेल्या प्रत्येक वॉफलमागे एक तास माफ. ड्राफ्टाचार्यावर ही पाळी सहसा येत नाही. पहिला येण्याइतकं नशीब नाही आणि शेवटचा येण्याइतका निष्काळजीपणा नाही, त्यामुळे तो कायमचा मधल्या घरात असतो.

तुमच्या लीगमध्ये असा कुणी असेल आणि नागमोडी क्रमात तुमचा नंबर त्याच्या अगदी आधी असेल, तर त्याला फक्त बोलतं करा. तो कुणाला घेणार आहे हे तो स्वतःच कारणांसकट सांगेल. तुम्ही तो खेळाडू उचला. किकर मात्र शेवटच्या फेरीतच घ्या. तेवढ्या एका बाबतीत त्याचं आजवर कधी चुकलेलं नाही.