खालीच चाल्ला ना?

त्याचं नाव मला विचारू नका. आधार कार्डावर असेल, गाडीच्या आरसी बुकावर तर नक्कीच असेल. पण त्या नावानं त्याला हाक मारणारी जगात दोनच माणसं आहेत. एक त्याची आई आणि दुसरा फायनान्सचा वसुलीवाला. बाकी अख्ख्या हिंगोली जिल्ह्यासाठी तो 'पिकअप'. "पिकअप आला का?" "पिकअप जेवायला गेला." "पिकअपला पोरगी झाली, पेढे दिले नाहीत अजून." लोकांच्या मोबाइलात तो 'पिकअप बाळापूर', 'पिकअप २', 'पिकअप स्वस्त' अशा नावांनी नांदतो.

त्यानंही याची पुरेपूर परतफेड केली आहे. त्याच्या मोबाइलात एकाही माणसाला माणसाचं नाव नाही. 'सोफा जवळा बाजार', 'टिनपत्रे सेनगाव', 'हळद मामा', 'केळी डोंगरकडा', 'म्हैस'. यातला 'म्हैस' हा एक अत्यंत सुस्वभावी ग्रामसेवक आहे, आणि त्याला याची कल्पना नाही.

वय तिशी-पस्तिशी. गळ्यात टॉवेल. मान कायमची डावीकडे कललेली, कारण गेली दहा वर्षं खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन आहे. त्या फोनवरची त्याची भाषा नवख्या माणसानं शिकून घ्यावी लागते. "येऊ लालो" म्हणाला, तर आंघोळ व्हायची आहे. "निघालो की" म्हणाला, तर चहा चालू आहे. "शिवारातच आलो तुमच्या" म्हणाला, तर आता किल्ली शोधतोय. आणि फोनच उचलत नसेल तर बिनघोर राहावं. तो खरंच गाडी चालवतोय.

गाडीबद्दल त्याच्याशी जपून बोलावं. आपला जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघाला आणि गाड्यांना एमएच ३८ ची पाटी मिळाली. याची पहिली गाडी जुनी घेतलेली, एमएच २२ ची, म्हणजे परभणीची. तिला तो 'माहेरवाशीण' म्हणायचा. ती सारखी गॅरेजला जायची म्हणून. आताची मात्र नवी, हप्त्यावरची बोलेरो पिकअप. समोर 'नागनाथ प्रसन्न', मागं 'आई-वडिलांचा आशीर्वाद', आणि फाळक्यावर पोरीचं नाव. कंपनीच्या कागदावर या गाडीत १७०० किलो माल बसतो. म्हणजे पन्नास किलोचा एक धरला तर ३४ कट्टे. हा हिशेब मी त्याला एकदा करून दाखवला. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "सर, ते कंपनीवाल्यानं आपली हळद पाहेलीच नाही."

आता हळदीचं सांगायला हवं, कारण वर्षातले चार पैसे त्याला तिथंच दिसतात. आधी घासाघीस होते. शेतकरी सांगतो, "हिंगोलीला न्यायचेत, असतील पंधरा-वीस कट्टे." हा आखाड्यावर जाऊन पाहतो तर पंचेचाळीस रचून ठेवलेले, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीशेजारी मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायची असलेली आजी, हातात पिशवी घेऊन. "एवढं कसं बसंल हो?" असं तो म्हणत नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, टायरला लाथ घालून पाहतो, आणि म्हणतो, "बसतंय की." त्याच्या धंद्यातलं सगळं ज्ञान, सगळी हिंमत आणि पाटे तुटण्याची सगळी कारणं या दोन शब्दांत आहेत. जादा माल भरला तर २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००, हे त्याला तोंडपाठ आहे. म्हणून तो अशा वेळी पहाटे चारला निघतो. कायद्याचा मान राखावा, त्याच्या झोपेत व्यत्यय आणू नये, असं त्याचं मत.

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटला भर हंगामात पोहोचलं की पुढं गाड्यांची रांग. कधी एक रात्र, कधी दोन. ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप, सगळे एकामागं एक. मीटर नावाची वस्तू पिकअपला नसते, त्यामुळे थांबण्याचे पैसे नाहीत. कट्ट्यांवरच अंथरूण. पत्ते, दशम्या, कुणाच्या तरी मोबाइलवर कीर्तन. सकाळी उठून हा तोंड धुतो, तर पाणी पिवळं. बनियन पिवळी, टॉवेल पिवळा, कानामागं पिवळं. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी त्याचं अभिनंदन केलं. "आपल्याला काय त्याचं?" तो म्हणाला. मग बनियनकडं पाहून म्हणाला, "इथं बी चिकटवा म्हणावं एखादं."

रांगेतल्या या मुक्कामांमुळे त्याला जिल्ह्याचं सगळं कळतं. वर्तमानपत्र तो वाचत नाही, माल वाचतो. कुणाची हळद निघाली आणि कुणी भावाची वाट पाहत घरात दाबून ठेवली, हे त्याला आडत्याच्या आधी ठाऊक. एका घरातून दोन चुली, दोन पलंग आणि एकच फ्रिज निघाला की वाटणी झाली आणि धाकटीचं चाललं, हे तो गाडी भरता भरताच ओळखतो. मुलाचा पलंग, गॅसची टाकी आणि कूलर पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर पोचवायला सांगितलं की नोकरी लागली. तोच कूलर चार महिन्यांनी परत आणायचा असेल तर तो भाड्यात शंभर कमी करतो आणि काही विचारत नाही.

लग्नसराई हा त्याच्या आयुष्यातला धोकादायक काळ. आंदणाचं कपाट, वॉशिंग मशीन, डायनिंग टेबल हे ठीक आहे. पण मालाच्या गाडीतून वऱ्हाड न्यायचं नाही हा कायदा, आणि वऱ्हाड न्यायला दुसरी गाडी नाही ही वस्तुस्थिती. गेल्या वर्षी औंढ्याच्या रस्त्यावर त्याला थांबवलं. मागं माणसं का भरली, असं विचारल्यावर यानं तत्परतेनं सांगितलं, "माणसं नाहीत साहेब, हमाल आहेत. कपाट उतरवायला." हमाल २२ होते. त्यातल्या चौदाजणी नव्या साड्यांत होत्या आणि एकीच्या डोक्यावर करा होता.

या सगळ्यात पैसा कुठं आहे, असं तुम्ही विचाराल. तो येताना आहे. जातानाचं भाडं डिझेलला, टायरला आणि हप्त्याला जातं. हळद उन्हाळ्यात येते, सोयाबीन दसऱ्याच्या आसपास, कापूस त्यानंतर. हप्ता मात्र बाराही महिने पिकतो. तेव्हा परत येताना काही मिळालं तर ते घरचं. म्हणून नांदेडला माल उतरवला की हा जिवाच्या आकांतानं रिटर्न भाडं शोधतो. गाद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, सिमेंटच्या कुंड्या, एकदा तर बिनमुंडक्याचे सहा पुतळे, कपड्याच्या दुकानासाठी. ते पुतळे घेऊन हा वारंगा फाट्याला खिचडी खायला थांबला आणि परत येतो तर भोवती गर्दी. "खाली येणं", म्हणजे रिकाम्या गाडीनं परतणं, हा त्याच्या शब्दकोशातला सगळ्यात वाईट शब्द आहे. मेलेल्या माणसाबद्दलसुद्धा तो इतक्या खालच्या आवाजात बोलत नाही.

आणि नेमका तोच शब्द जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी.

"का बे पिकअप, कुठं चाल्लास?"

"बाळापूरला, काका."

"खालीच चाल्ला ना?"

झालं. रिकामी पिकअप म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, हा समज आमच्याकडं पाच तालुक्यांत सारखाच पक्का आहे. "खालीच चाल्ला ना, मग हे चार पाइप टाक." "खालीच चाल्ला ना, पाव्हण्याला सोड फाट्यावर." "खालीच चाल्ला ना, येवढी शिलाई मशीन ने, बाईमाणसाची आहे." रिकाम्या गाडीला डिझेल लागत नाही, असं या लोकांना कुणी शिकवलं कोण जाणे. भौतिकशास्त्रात याला आधार नाही. तो एकदा वैतागून हौद्यात दोन रिकामे ड्रम बांधूनच फिरू लागला, गाडी भरलेली दिसावी म्हणून. तिसऱ्या दिवशी एका काकूंनी विचारलं, "ड्रम खालीच आहेत ना? मग त्यात ज्वारी टाकते."

भौतिकशास्त्रावरून आठवलं. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो होणार, त्याला २०२३ च्या एप्रिलात केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले, ही बातमी मी त्याला समजावून सांगत होतो. चार-चार किलोमीटरचे दोन हात असलेलं यंत्र. तिकडं अवकाशात दोन कृष्णविवरं आदळली की इथं प्रोटॉनपेक्षाही हजारो पटींनी बारीक थरथर टिपणार. त्यानं गाडी हळू केली. त्याच्या फाळक्याची कडी दोन वर्षांपासून तुटलेली आहे, तारेनं बांधलेली. औंढा रोडला गाडी दिसायच्या आधी फाळका ऐकू येतो. "मग सर," तो म्हणाला, "ते मशीन दिवसभर माझीच गाडी मोजत बसंल की." नंतर बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, विश्वाच्या विचारात पडला. पुढच्या वळणावर म्हणाला, "त्याईला सामान आणायला गाड्या लागतेत का? अन् जाताना खालीच जातेत का त्या?"

माझी आणि त्याची ओळख माझ्या बदलीतली. वसमतहून हिंगोलीला घर हलवलं, ५० किलोमीटर. अठराशे ठरले. एक लोखंडी कपाट आणि पुस्तकांची अकरा खोकी. पहिलं खोकं उचलताच तो वाकला. "यात दगडं आहेत का, सर?" म्हटलं, पुस्तकं. "वाचलीत समदी?" म्हटलं, नाही अजून. "वाचून झाल्यावर न्यायची होती ना. हलकी झाली असती." तरीही खोकी त्यानंच उचलली, कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर नेलं. पैसे देताना मी दीड हजार काढले आणि ते वाक्य माझ्याही तोंडून निघालं. म्हटलं, तू तसाही हिंगोलीला हळद घ्यायला खालीच येणार होतास ना. त्यानं नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या, टॉवेल झटकला आणि गेला.

गेल्या महिन्यात बसस्टँडवर उभा होतो, वसमतची बस सुटून गेलेली. तोच फाळका वाजला. "चला सर." वाटेत त्याला कुणाला तरी फोन लावायचा होता, तो माझ्या हातात देऊन म्हणाला, "खतवाला बघा त्याच्यात." मी 'ख' शोधत वरून खाली येऊ लागलो. 'कडबा', 'कडबा उधार', 'कपाट सर ३०० बाकी'. नंबर माझाच होता. मी मुकाट्यानं खतवाला लावून दिला.

वसमतला उतरताना मी भाडं किती म्हणून विचारलं. तो गाडी गिअरमध्ये टाकत म्हणाला, "राहू द्या सर. खालीच चाल्लो होतो."

ते तीनशे अजून माझ्याकडेच आहेत.