आर्द्रताहरणविचार अर्थात डिह्युमिडिफायर कसा निवडावा

डिह्युमिडिफायर म्हणजे हवेतील बाष्प ओढून घेऊन त्याचे पाणी करणारे आणि ते पाणी स्वतःच्या पोटातील टाकीत साठवणारे विजेवरचे यंत्र होय. मुंबईपासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यात ते फ्रिज, मिक्सर आणि गिझर यांच्या पंक्तीला येऊन बसले असले, तरी त्याची खरेदी अजूनही भाजी निवडावी तशी, म्हणजे हाताला लागेल ते उचलून आणि भाव पाडून केली जाते; म्हणून तिला शास्त्राची बैठक देणे अगत्याचे झाले आहे. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध हे चार अनुबंध सांगण्याची परंपरा आहे. येथील विषय घरातला दमटपणा हा असून प्रयोजन पापड हे आहे. अधिकारी, म्हणजे हे शास्त्र शिकण्यास पात्र असा जिज्ञासू, तोच की ज्याच्या कपाटातील चामडी पट्ट्यावर आषाढात हिरवट लव उगवली आहे, ज्याच्या न्हाणीघराचे दार मृगात फुगते ते थेट दसऱ्याला लागते आणि ज्याच्या काडेपेटीतील सहावी काडी पेटते. संबंध विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील असून तो बिल फाडताच संपतो.

विदर्भातील वाचकाने हे प्रकरण केवळ मनोरंजन म्हणून वाचावे. मे महिन्यात कूलरच्या टाकीत बादल्यामागून बादल्या ओतून जो कोरड्या हवेला पाणी पाजतो, त्याला त्याच राज्यातील दुसरा माणूस जुलैमध्ये हवेतून पाणी काढण्यासाठी विजेचे बिल भरतो हे पटणे कठीण आहे.

१. दमटपणाचे स्वरूप

हवेत किती बाष्प मावू शकेल हे तापमानावर अवलंबून असते. २८ अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प राहू शकते, तर २० अंशांना ही मर्यादा सुमारे १७ ग्रॅमवर येते. मावू शकेल त्यापैकी प्रत्यक्षात किती आहे याच्या टक्केवारीला सापेक्ष आर्द्रता म्हणतात, आणि हवा थंड होत जाऊन ही टक्केवारी ज्या तापमानाला शंभरावर पोहोचते त्याला दवबिंदू म्हणतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो तो दवबिंदूच्या खाली गेलेल्या काचेमुळे. बहुतेक डिह्युमिडिफायर हे याच घामाळ बाटलीचे यांत्रिक आणि महाग रूप आहेत.

सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की भिंती, कपडे आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, आणि ती ४० टक्क्यांच्या फार खाली गेली की ओठ फुटतात आणि लाकूड तडकते, त्यामुळे किनारपट्टीवरील गृहस्थाने ५० ते ५५ टक्के हे उद्दिष्ट ठेवावे. त्याहून खाली उतरण्याची महत्त्वाकांक्षा बाळगू नये, कारण तेथे यंत्राला वीज अधिक लागते आणि पापडाला फरक पडत नाही.

२. मापन

यंत्राआधी मापक घ्यावा. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७८३ साली माणसाचा केस दमट हवेत लांबतो या गुणावर आधारलेल्या आर्द्रतामापकाचे विवेचन प्रसिद्ध केले; दमट हवेत केसांचे काय होते हे कोकणातील घराघरांत आरशासमोर रोज उच्चारवाने सांगितले जात असले, तरी त्याला काटा जोडण्याचे श्रेय मात्र सोस्यूर यांच्याकडे गेले. आज हातभर केसांची गरज नाही, कारण तळहाताएवढा विजेरीवरचा मापक स्वस्तात मिळतो. पण तो खरे बोलतो की नाही हे तपासावे लागते, आणि त्याची युक्ती स्वयंपाकघरातच आहे.

बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन ते जेमतेम भिजेल एवढे पाणी घालावे, ते झाकण आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर शेजारीशेजारी ठेवावेत आणि सकाळी डबा न उघडता आकडा वाचावा, असा विधी आहे. बंद जागेत ओलसर मिठाभोवतीच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते; मापक ७१ दाखवत असेल तर तो चार टक्क्यांनी घरच्यांची समजूत घालत आहे असे समजावे. डबा पारदर्शक असावा, आणि तो चिवड्याचा असल्यास संबंधितांची पूर्वपरवानगी घ्यावी.

याच तत्त्वामुळे ज्या घरात मापक नाही तेथेही मोजणी चालूच असते. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतील पाणी ओढून विरघळू लागते, म्हणून मिठाला पाणी सुटले ही तक्रार नसून वाचन आहे. आगरातील खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतच पाझरू लागतात, त्यामुळे खडे मीठ आधी रडते आणि पाकिटातले बारीक मीठ नंतर. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकणारी गृहिणी तर मापकालाच औषध देत असते.

३. यंत्रांचे प्रकार

बाजारात चार जाती आढळतात. पहिली, डबी: हिच्यातील कॅल्शियम क्लोराइडचे खडे बाष्प शोषून स्वतःच विरघळतात आणि खालच्या कप्प्यात पाणी साठते. ती पैठणीच्या कपाटासाठी योग्य, खोलीसाठी निरुपयोगी, आणि कपाटात कलंडल्यास पैठणीसाठी घातक आहे. दुसरी, लहान विजेरी कुपी: ही पेल्टियर तत्त्वावर, म्हणजे वीज वाहताना एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम होणाऱ्या चकतीवर चालते. ती दिसायला देखणी आणि आवाजाला सौम्य असली, तरी दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी काढते, आणि तिच्याकडून दिवाणखाना कोरडा होण्याची अपेक्षा करणे म्हणजे पळीने विहीर उपसणे होय.

तिसरी जात शोषकचक्राची. हिच्यात सिलिका जेल किंवा झिओलाइट यांचे सच्छिद्र चक्र फिरत राहते. ते एका बाजूला बाष्प शोषते आणि दुसऱ्या बाजूला तापवून वाळवले जाते. थंड हवेतही ती काम सोडत नाही, परंतु तापवण्यामुळे वीज अधिक खाते. चौथी जात काँप्रेसरची, म्हणजे फ्रिजप्रमाणे नळ्या थंड करून हवा दवबिंदूच्या खाली नेणारी. हवा १५ अंशांखाली गेली की या नळ्यांवर बर्फ धरू लागतो, पण मुंबईच्या श्रावणात ती वेळ येत नाही, म्हणून किनारपट्टीवरील गृहस्थाने निःशंकपणे हीच जात पसंत करावी.

एसी हा या जातीचा सख्खा भाऊ असून वयाने थोरला आहे. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली ती माणसांना थंडावा देण्यासाठी नव्हे, तर दमट हवेत कागद फुगून रंग एकमेकांवर नीट बसत नसत म्हणून. अर्थात एसीचा जन्मच कागद सादळल्यामुळे झाला. दोघांत भेद इतकाच की एसी काढलेली उष्णता घराबाहेर फेकतो आणि डिह्युमिडिफायर ती खोलीतच ठेवतो. बाष्पाचे एक लिटर पाणी होताना साधारण ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता सुटते, शिवाय यंत्र खाते ती वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणून ज्या खोलीत एसी आहे तेथे आधी त्याची ‘ड्राय’ कळ दाबून पाहावी, आणि कोरडेपणा म्हणजे गारवा अशी ज्यांची समजूत आहे त्यांना यंत्र आणण्यापूर्वीच विश्वासात घ्यावे.

४. क्षमतेचे गणित

दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना त्या सगळ्या हवेतील पाणी एक लिटरही भरत नाही. ते साधारण ८३० ग्रॅम असते, आणि आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणण्यासाठी त्यातून सव्वातीनशे ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन कप, एवढेच पाणी काढावे लागते. मग खोक्यावर दिवसाला १२, १६ किंवा २० लिटर असे आकडे कशासाठी छापलेले असतात, हा प्रश्न ज्याला पडतो तोच या शास्त्राचा खरा विद्यार्थी होय.

उत्तर असे की यंत्राचे भांडण खोलीतल्या हवेशी नसून खोलीत येत राहणाऱ्या हवेशी आणि राहणाऱ्या माणसांशी असते. खिडक्या लावूनही फटींतून दर दोन तासांनी खोलीतली हवा बदलते असे धरले, तर दिवसातून बारा वेळा ते दोन कप परत येतात, म्हणजे सुमारे चार लिटर झाले. झोपलेला माणूस श्वास आणि घाम यांवाटे रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो, म्हणून चौघांच्या खोलीत आणखी एक लिटर धरावे. खोलीत दोरी बांधून त्यावर मशीनमधून काढलेले कपडे वाळत घातले असतील तर दीड-दोन लिटर वाढवावेत, आणि त्यात जीन्स असल्यास यंत्राची क्षमा मागावी. बेरीज सात लिटरची होते.

येथे खोक्याची भाषा कळणे आवश्यक आहे. त्यावरील आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. खोली जसजशी कोरडी होते तसतसे पाणी कमी निघते आणि ६० टक्क्यांच्या सुमारास ते छापील आकड्याच्या निम्म्याच्या आसपास येते. म्हणून सात लिटरांच्या गरजेला १४ ते १६ लिटरांचे यंत्र घ्यावे. अडीचशे वॉटचे यंत्र आठ तास चालले तर दोन युनिटे होतात, एवढाच हिशेब वीजबिलाच्या विरोधकांपुढे मांडावा. यंत्राला ठरलेल्या आर्द्रतेवर आपोआप थांबणारी कळ, टाकी भरताच बंद होण्याची सोय आणि नळी लावून पाणी मोरीत सोडण्याचे तोंड असावे. ते नसल्यास टाकी कोणी उपसायची या विषयावर यंत्रापेक्षा अधिक उष्णता निर्माण होते.

५. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

शास्त्रात प्रतिपक्षाचे मत आधी प्रामाणिकपणे मांडावे लागते. येथील पूर्वपक्ष ‘हवा खेळती हवी’ हा असून त्याच्या आचार्या बहुधा घरातील आजी असतात. त्या सकाळी साडेसहाला, म्हणजे बाहेरची सापेक्ष आर्द्रता दिवसातील सर्वोच्च पातळीच्या जवळ असताना, खिडक्या सताड उघडतात, आणि यंत्राने रात्रभर कष्टाने काढलेले ते दोन कप काही मिनिटांत खोलीत परततात. यंत्र पुन्हा कामाला लागते, आजी यंत्राकडे पाहतात आणि हे सारखे काय घुरघुरते असे विचारतात.

उत्तरपक्षाने हा मुद्दा उडवून लावू नये, कारण स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांबाबत आजींचेच म्हणणे खरे आहे. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून थोडे अधिक पाणी बाष्परूपाने तयार होते, १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून अशा रीतीने सुमारे २२ लिटर पाणी घराच्या हवेत येते, आणि त्यात भाताच्या कुकरची वाफ धरलेली नाही. ही वाफ जेथे निर्माण होते तेथूनच खिडकीने किंवा एक्झॉस्ट पंख्याने बाहेर घालवणे हे कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त पडते. शिवाय डिह्युमिडिफायर ताजी हवा आणत नाही, म्हणून यंत्र बंद असताना शयनगृहाची खिडकीही काही काळ उघडणे रास्तच आहे. सारांश, ओट्याची खिडकी आजींकडे आणि यंत्राच्या खोलीची यंत्राकडे, अशी वाटणी करावी.

६. अपवाद

भिंतीवर पोपडे धरले असतील, लोणा लागला असेल, म्हणजे पाण्याबरोबर भिंतीतील क्षार बाहेर येऊन पांढरी पूड साचली असेल, किंवा छतावर वरच्या मजल्याच्या मोरीच्या आकाराचा नकाशा उमटला असेल, तर तो दमटपणा नसून गळती होय. तिच्यावर डिह्युमिडिफायर लावणे म्हणजे फुटक्या मडक्याला पंख्याने वाळवणे. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा, वरच्या बिऱ्हाडाचा नळजोड आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा हे या रोगाचे उपचार असून त्यांतील तिसरा सर्वांत दीर्घकाळ चालतो.

टाकीतील पाण्याविषयीही शंका विचारली जाते. ते गंगाजळासारखे नितळ दिसले, तरी नळ्यांवरची धूळ आणि जंतू त्यात उतरलेले असतात, म्हणून ते कुंडीतल्या तुळशीला घालावे, पाहुण्याला देऊ नये.

७. अंतिम परीक्षा

यंत्र भिंतीपासून वीतभर दूर ठेवून, दार लावून आणि मापक ५५ वर आल्याची खात्री करून उडदाचा एक पापड भाजावा व ताटलीत उघडा ठेवून पंधरा मिनिटांनी मोडावा. तो आवाज करून मोडला तर निवड अचूक ठरली असे समजावे. तो चामड्यासारखा वाकला तर यंत्राला दोष देण्यापूर्वी खिडकी पाहावी.

यावर कोणी असे म्हणेल की पापडच वाचवायचा तर घट्ट झाकणाचा डबा पुरेसा होता. हा आक्षेप बिनतोड आहे आणि सर्व शास्त्र त्यातच सामावलेले आहे. कारण जी जागा बंद ठेवता येते तीच कोरडी ठेवता येते, आणि डिह्युमिडिफायर म्हणजे माणसांना आत राहता येईल एवढा मोठा डबा करण्याचा खटाटोप होय. डबा केवढा घ्यावा हे गणिताने ठरते, कोणत्या जातीचा घ्यावा हे हवेवरून ठरते. त्याचे झाकण सकाळी साडेसहाला कोणी उघडायचे नाही, एवढे मात्र दुकानात जाण्यापूर्वी घरात ठरवून घ्यावे.