कुंपणावरचा जर्मन पगार

"वहिनी, ऐकलंत का? आमच्या चिरंजीवांना श्टुटगार्टात वर्षाला ६०,००० युरो मिळायला लागले. शंभराचा भाव धरला तरी ६० लाख झाले की हो!"

"अगंबाई, पेढे कुठायत? पण ताई, हातात किती पडतात ते सांगा आधी."

"तिथंच तर गोम आहे. महिन्याचे ५,०००. त्यातून कर, पेन्शन, आजारपणाचा विमा, बेकारीचा विमा, म्हातारपणी सांभाळायला माणूस लागलं तर त्याचाही विमा. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, म्हणून कात्री जरा जास्तच. उरतात तीन हजारांच्या थोडे वर. घरात टीव्ही नाही, तरी टीव्ही-रेडिओची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो भरायचीच!"

"बाई गं! आमच्या लेकीला हिंजवडीत २० लाख. नव्या पद्धतीत कर दोन लाखांच्या आतच बसला. १२ लाखांपर्यंत तर आता काहीच नाही."

"मग चैन आहे तिची."

"कसली चैन! फ्लॅटचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, उन्हाळ्यात टँकरची वर्गणी. नातवाची ज्युनियर केजीची फी ऐकून जावईबापू खालीच बसले. सरकारनं कमी घेतलं, बाकीच्यांनी वसूल केलं."

"तिकडे पोर असतं तर उलट सरकारच महिन्याला अडीचशेच्या वर युरो देतं. तिथंच शिकून मोठं झालेल्या पोराला सरकारी विद्यापीठात फी नाही, सेमिस्टरची वर्गणी तेवढी. इस्पितळात राहावं लागलं तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात २८ दिवसांपर्यंतच. फक्त स्पेशालिस्टची तारीख मिळेपर्यंत दुखणं आपोआप बरं होतं म्हणे."

"आणि घरभाडं?"

"ते विचारूच नका. घर मिळालं, आत जाऊन बघतो तर स्वयंपाकघरात नुसत्या भिंती! ओटा, सिंक, कपाटं सगळं आधीचा भाडेकरू उपटून घेऊन गेलेला. तिकडे तशीच रीत आहे. नवा ओटा बसवायला माणूस बोलावला, त्याचं बिल बघून यानं स्क्रू-ड्रायव्हर विकत आणला."

"म्हणजे स्वतः बसवला? इथं तर खिळा ठोकायला वॉचमनला हाक मारायचा."

"आता भांडी घासतो, इस्त्री करतो, केससुद्धा घरीच कापतो. तिकडे माणसाचा तास महाग हो. कायद्यानंच तासाला कमीत कमी १३.९० युरो द्यावे लागतात, झाडूवाल्यालासुद्धा."

"म्हणजे आपल्याकडची स्वस्ताई ती खरी भाजीपाल्याची नव्हे, माणसांची म्हणायची."

मागच्या नळावर भांड्यांचा आवाज थांबला.

"ताई, तासाला किती म्हणालात?" मावशींनी हात पुसत विचारलं.

"अं... चौदाशेच्या आसपास."

"रुपये? तासाला? तुम्ही मला महिनाभराचे पंधराशे देता."

दोघी एकदम पेरूच्या झाडाकडे बघू लागल्या. शेवटी वहिनी सावरल्या. "अहो मावशी, पण तिकडे पगारातून कापतात किती, ते ऐकलंत ना?"

"कापू द्या की," मावशी म्हणाल्या, "कापण्याइतका आधी येऊ तर द्या."