अण्णांची कणेरी

कोल्हापूरजवळ कणेरीच्या मठावर जुन्या काळचं अख्खं खेडं उभं केलंय, हे सांगितल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न होता, "पाणी कसंय तिथलं?" अण्णा म्हणजे आमचे थोरले चुलते. वय ऐंशीच्या पुढं, मुक्काम लातूर जिल्ह्यातलं निलंगा. आधी पाणी विचारायचं, मग माणसं, ही आमच्या जिल्ह्याची रीतच आहे. वाटेत मिरज आलं तेव्हा त्यांनी खिडकीतून हात जोडले. देऊळ कुठं दिसेना. "आरं, लातूरला हितूनच आलतं की पाणी, रेल्वेत बसून!" २०१६ च्या उन्हाळ्यातली ती गाडी अण्णांच्या लेखी गंगावतरणाच्या खालोखाल.

सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात नांगरणी चाललेली असते, लोहार ऐरणीवर, सुतार चाकाशी, न्हाव्यापुढं गिऱ्हाईक, आणि सगळी माणसं सिमेंटची. इतकी हुबेहूब, की अण्णांनी पहिल्याच शेतकऱ्याला रामराम घातला. उत्तर आलं नाही. "ह्या भागातली माणसं मानी असत्यात," म्हणत ते पुढं गेले. दुसऱ्याला विचारलं, "काय करलालाव?" तिसऱ्याला पावसाची हकिकत सांगितली, ती मात्र पूर्ण. आमच्या घरात हे सुख त्यांना मिळत नाही. अर्ध्यात कुणाचा तरी फोन वाजतो.

मोटेपाशी तर त्यांनी शाळाच भरवली. नाडा कुठला, सोंदूर कुठला, थारोळ्यात पाणी पडताना बैल कसे थोपवायचे, हे सांगताना एक सहल भोवती गोळा झाली. एका पोरानं विचारलं, "आजोबा, तुम्ही इथं नोकरीला आहात?" अण्णा म्हणाले, "पगार ठरला नाही अजून."

जुन्या धाटणीच्या घरात मात्र ते आले नाहीत. सून सावलीला बोलवत होती, तरी उन्हातच उभे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपासून अण्णा कुठल्याही घरात शिरायच्या आधी छताकडं बघतात. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती अन् मातीचं माळवद माणसांवर आलं, तेव्हा निलंगाही हादरलं होतं. आत बसलेल्या सिमेंटच्या म्हातारीला त्यांनी बाहेरूनच बजावलं, "आक्का, अंगणात झोपत जा."

बैलगाडी दिसली आणि अण्णा खुलले. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, गाडीत माल भरून निलंग्याहून लातूरला जायचे, कधी तिथून पुढं बार्शीलाही. रात्रीचा मुक्काम औशाला. बैल सोडायचे, कडबा टाकायचा, भाकरी खायची आणि गाडीखालीच आडवं व्हायचं. लातुरात १९११ पासून बार्शी लाईटची अडीच फुटी रेल्वे येत होती, पण तिला तिकीट लागतं, बैलाला लागत नाही, हा आजोबांचा हिशेब. निलंगा तेव्हा निजामाच्या बीदर जिल्ह्यात आणि बार्शी इंग्रजाच्या मुलखात. तिकडं जायचं तर करोडगिरीचा नाका, मालाची तपासणी, जकात, आणि पुढं खिशातले निजामाचे हाली रुपये बदलून घ्यायचे: सात हालीला सहा इंग्रजी कलदार. आजोबा परत आले की गल्लीतले लोक जमायचे. आमच्या घराण्यातला पहिला परदेशप्रवास हा असा बार्शीचा. (पुतण्या अमेरिकेला जाऊन आला, त्याच्यासाठी एवढे लोक जमले नव्हते.)

मग बैल. अण्णांनी सगळं शिवार पालथं घातलं. "देवणी कुठंय?" आमच्याच जिल्ह्यातलं देवणी, त्याच्या नावाची जात, त्यात वानेरा, बालंक्या, शेवरा असे तीन प्रकार. हे नसतील तर खेडं कसलं? शेवटी एका जोडीपुढं ते थांबले, वशिंड बघितलं, खूर बघितले आणि दात बघायला वाकले. तेवढ्यात शेजारी एक अनोळखी फेटेवाले येऊन उभे राहिले. बोलण्यावरून सांगलीकडचे.

"बैल चांगलाय," फेटेवाले म्हणाले.

"चांगलाय. पण खांदा पडलाय," अण्णा म्हणाले.

झालं. अण्णांनी उपरणं काढलं, दोघांचे हात त्याखाली गेले आणि बोटांवर सौदा सुरू झाला. बैल सिमेंटचे, ते दोघांपैकी कुणाचेच नव्हते, तरी चेहरे पक्के व्यापाऱ्याचे. सहल पुन्हा जमली. माझी मुलगी चित्रण करायला लागली, तर अण्णांनी उपरणं आणखी घट्ट आवळलं. भाव बाहेर फुटता कामा नये. फेटेवाल्यांनी एकदा हात झटकला, दहा पावलं गेले, परत आले. रखवालदाराची शिट्टी वाजली, गेट बंद व्हायची वेळ झाली, तरी बोटं सुटेनात.

सौदा अखेर मोडला. गाडीत बसल्यावर विचारलं, किती रुपयांवर अडलं?

"रुपयांवर कुठं? रुपये जमले होते," अण्णा फणकारले. "निलंग्यापर्यंत न्यायचं भाडं तो देईना!"