आनंदनगर ते बदलापूर, व्हाया टप

अंबरनाथला माणसं दोन कारणांनी जातात. एक तर तिथे घर परवडलं म्हणून, नाहीतर गाडीत डोळा लागला आणि डोंबिवली मागे पडली म्हणून. मी मेहुण्यामुळे गेलो. "भाऊजी, स्पोर्ट्स कार घेतलीय. विकायला. तुम्ही नुसतं बघायला या," असा त्याचा फोन आला. 'बघायला या' याचा अर्थ 'पाकीट घेऊन या' असा होतो, हे लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं होतं.

गाडी आनंदनगर एमआयडीसीत होती. तिथे पत्ता डोळ्यांनी नाही, नाकाने शोधायचा. "सडक्या अंड्यांचा वास संपला की उजवीकडे वळा, नेलपॉलिशचा वास सुरू झाला की उतरा," असं मेहुण्याने सांगितलं होतं. शेअर रिक्षाच्या चौथ्या सीटवर, अर्धा आत आणि अर्धा महाराष्ट्रात, असा मी नाक बाहेर काढून बसलो आणि पहिल्या झटक्यात बरोबर उतरलो.

एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यामागे ताडपत्रीखाली ती उभी होती. मेहुण्याने जादूगाराच्या थाटात ताडपत्री ओढली. आधी एक मांजर बाहेर आलं, मग गाडी दिसली. रंग लाल. लालखाली पिवळा, पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली लंबी, लंबीखाली गंज आणि गंजाखाली आनंदनगरची जमीन. मागे विमानाला शोभेल असा स्पॉयलर, बगलेतून निघालेला सायलेन्सर आणि वर आकाश. गाडीला टप नव्हता.

"स्टँडर्ड हेराल्ड, १९६३, टू-डोअर!" मेहुणा म्हणाला. "बॉडी कुणाची डिझाइन आहे माहितीये? मिकेलॉत्ती! इटलीचा!"

ते मात्र खरं होतं. जोव्हान्नी मिकेलॉत्तीने ही गाडी इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फसाठी रेखाटली, १९५९ साली ती तिकडे बाजारात आली आणि १९६१ पासून मद्रासला बनू लागली. तेव्हा आपल्याकडे गाडी घेणाऱ्यापुढे साधारण तीनच पर्याय असायचे: अँबेसिडर, फियाट आणि ही. कुटुंब मोठं त्याने अँबेसिडर घ्यावी, हिशेब पक्का त्याने फियाट. हेराल्ड घेणाऱ्याच्या घरात बहुधा एक कॉलेजात जाणारा मुलगा असावा आणि घरात त्याचं चालत असावं. हिचीच चासी थोडी आखूड करून तिकडे १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर नावाची अस्सल स्पोर्ट्स कार निघाली. म्हणजे आमची गाडी स्पोर्ट्स कारची सख्खी मावशी होती. मेहुणा 'मावशी' हा शब्द गाळून सांगत होता, इतकंच.

शेजारी उभ्या मेकॅनिक उस्तादाने बॉनेट उघडलं. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं; मगरीने जांभई द्यावी तसं. आत ९४८ सीसीच्या मूळ इंजिनाच्या जागी मारुती व्हॅनचं इंजिन होतं. "आठशेचं का नाही बसवलं?" मी उगाच जाणकारासारखं विचारलं. उस्तादाने माझ्याकडे दयेने पाहिलं. "आठशे पुढच्या चाकांनी ओढते साहेब. व्हॅन मागच्या चाकांनी ढकलते. ही पण ढकलणाऱ्यांतलीच." पुढे दिवसभर ती ढकलण्याचा योग आला तेव्हा हे वाक्य मला वारंवार आठवलं.

मेहुण्याचा बेत असा होता. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, वीस हजार रुपये फी आणि 'व्हीए' अक्षरांचा ऐटबाज नंबर. असा नंबर लागला की किंमत दुप्पट, हे मेहुण्याचं गणित. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी. बॉडी, चासी, इंजिन यांत मोठी ढवळाढवळ चालणार नाही.

"अरे, पण हिचा टपच कापलाय!"

"कापलेला नाही भाऊजी, खोललेला आहे!"

यातही तथ्य निघालं. कंपनीला अख्खी बॉडी एका तुकड्यात बनवून देणारा कारखाना मिळेना, म्हणून तुकडे तुकडे करून ते वेगळ्या चासीवर बोल्टांनी बसवले होते. टपसुद्धा बोल्टांवरच. म्हणजे जुगाडाचं मूळ गाव कंपनीचं कोव्हेंट्री. आपण उगाच श्रेय घेतो. आधीच्या मालकाने टप उतरवून बदलापूरला एका ओळखीच्या बाईंना दिला होता. तो आणायचा, बसवायचा, विकायचं. "इंजिनाचं नंतर बघू," मेहुणा म्हणाला. त्याच्या आयुष्यातल्या बहुतेक योजनांत हे वाक्य येतं.

पावसाळा तोंडावर असल्याने आधी उल्हासनगरला जाऊन कापडी हूड घ्यायचं ठरलं. निघालो. वाटेत शिवमंदिराजवळ गाडी आपणहून थांबली. १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ. गाभारा वीसेक पायऱ्या खाली, आणि वर बघावं तर आभाळ; शिखर मध्येच थांबलेलं, बहुधा पुरं झालंच नाही. उस्ताद प्लग पुसत असताना मी देवळाकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत होतो. साडेनऊशे वर्षांत तिथे कुणी "टप कुठाय?" म्हणून अडवलं नाही.

गाडी उभी बघून एक गृहस्थ भाजीची पिशवी सांभाळत दारावरून आत आले आणि मागे बसले. "कॅम्प पाच?" त्यांनी विचारलं. वरून उघडी, कोपऱ्यावर थांबलेली, चालवणारा बेफिकीर. ही शेअर रिक्षाच, अशी त्यांची खात्री होती. मेहुण्याने वीस रुपये घेतले. त्या धंद्यातली ती पहिली आवक.

उल्हासनगरची कुचेष्टा करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. लढाईच्या काळातल्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून सोडलं, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते गावाचं बारसं झालं, आणि हातात काही नसलेल्या माणसांनी सगळं काही बनवायला घेतलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण आयुष्यभर केला. अंगात जीन्स मात्र इथलीच. आमच्या हूडचं कापड तेच होतं. "साईं, रेक्झीन दो साल में फटेगा. डेनिम देखो, जितना धुलेगा उतना अच्छा दिखेगा," असं म्हणत कारागिराने निळंशार हूड अंथरलं. दुहेरी शिलाई, पितळी बटणं आणि मागच्या बाजूला, सवयीने, दोन खिसे.

त्या गल्लीत मात्र मी गाडीच्या प्रेमात पडलो. एका बाजूला हातगाडी, दुसरीकडे कापडाचे गठ्ठे, समोरून टेंपो. रिक्षावालासुद्धा दोनदा मागेपुढे करून वळला असता. मेहुण्याने स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि गाडी जागच्या जागी गिरकी घेऊन वळली. पंचवीस फुटांच्या गोलात फिरते ही, लंडनच्या टॅक्सीइतकी. गठ्ठ्यांवर बसलेले दोन हमाल उठून उभे राहिले. साठी उलटलेल्या बाईने फुगडी घालावी आणि धाप न लागता पदर सावरावा, तशी ती वळली. पुढे जाऊन बंद पडली, ते वेगळं.

आनंदनगर मागे टाकून काटई-कर्जत रस्त्याने बदलापूरकडे निघालो आणि पाऊस आला. हूड चढवलं. डेनिम पाणी पितं, हे कारागिराने सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांत हूडला पोट सुटलं, ते आमच्या डोक्यांवर टेकलं आणि मग मला कानापाशी गार ओघळ जाणवला. आरशात पाहिलं तर मेहुणा गळ्यापर्यंत निळा झाला होता. अंबरनाथच्या शिवाचं दर्शन सकाळी राहिलं होतं, ते असं घडलं.

उल्हास नदीकाठचा पाऊस थट्टेवारी न्यायचा नाही. २०१९ च्या जुलैत इथेच, बदलापूर-वांगणीच्या मध्ये, महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं होतं. आम्ही उड्डाणपुलावरून पश्चिमेला उतरलो आणि ढकलत, विचारत, ठिबकत त्या बाईंच्या अंगणात पोचलो. टप सुखरूप होता. त्याखाली अकरा कोंबड्या राहत होत्या.

"घेऊन जा की," मावशी म्हणाल्या. "पण माझ्या कोंबड्यांवर काय घालू?"

पूर्वी इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं सांगतात. आम्ही टप बदलला. हूड खुराड्यावर चढलं. एका कोंबडीने लगेच मागच्या खिशात जागा धरली. टप गाडीवर आडवा बांधला. आतल्या बाजूला वाळकी विष्ठा आणि एक अंडं होतं. अंडं मावशींनी हिशेबाने परत घेतलं.

परतीचे दहा किलोमीटर तीन तासांत कापले. शेजारच्या रुळांवरून किती लोकल पुढे गेल्या, ते मोजणं मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी टप बसवला. बोल्टांची भोकं जुळेनात, तेव्हा उस्तादाने एकेक भोक 'समजावून' मोठं केलं. कागदपत्रं पाहणाऱ्या एजंटाने व्हॅनचं इंजिन पाहिलं, चासीवरचं वेल्डिंग पाहिलं, मेहुण्याचा निळा गळा पाहिला आणि व्हिंटेजचा विषय काढूच नका म्हणाला.

गिऱ्हाईक मात्र आठवड्याभरात आलं. वरातींना घोडा, बग्गी, बँड पुरवणारा माणूस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर बोटांनी टकटक केलं आणि तोंड पाडलं. "बाकी सगळं मस्त आहे. पण यात नवरदेव उभा कसा राहणार?"

टप पुन्हा उतरला. नव्वद हजारांना घेतलेली, एक लाख चाळीस हजार खाल्लेली गाडी दोन लाख पस्तीसला गेली. नफा पाच हजार, अधिक शेअर सीटचे वीस. त्यात माझे किती, हा प्रश्न मी सासरवाडीत काढला नाही.

टप सध्या डोंबिवलीला आमच्या गॅलरीत उलटा पडलेला आहे. बायकोने त्यात मेथी लावली, चांगली आली. परवा पहिली जुडी काढत होतो तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, तो टप नीट जपून ठेवा हं. त्याच्या मापाची हेराल्ड सापडलीय."

"कुठे?"

"आनंदनगरलाच. तुम्ही नुसतं बघायला या."