नोकऱ्या लावणारी नणंद

काकू : काय वं सूनबाई, काल तुमच्या घरी पाहुणे आले होते म्हणे? पसंत पडली का पोरगी?

सूनबाई : पोरगी राहिली बाजूला काकू, तिची नोकरीच पसंत पडली! सासूबाई बोलून गेल्या, "आमची पोरगी नागपूरले लोकांना नोकऱ्या लावून देते." झालं! मुलाचे मामा खुर्चीतच पुढं सरकले. "आमच्या बारक्याचं पाहा ना, आयटीआय करून घरीच बसून राहिला." पोहे निवले, पण बारक्याचा बायोडाटा निघाला. नणंदेनं त्याला तिथंच सोमवारची मुलाखत लावून दिली.

काकू : मंग एका नोकरीचे घेते किती?

सूनबाई : पोराकडून रुपया नाही. पैसे कंपनी देते. कायमचा माणूस दिला की वर्षाच्या पगारावर ८.३३ टक्के, हा नेहमीचा भाव.

काकू : हा कोणता आडवातिडवा भाव?

सूनबाई : शंभराला बारानं भागा की. एका महिन्याचा पगार! पोरगा तीन महिन्यांच्या आत पळाला, तर बदली माणूस बहुतेक फुकट द्यावा लागते.

काकू : हे तं माझंच काम झालं वं! रोवण्याच्या दिवसांत मी बाया जमवतो नाही का? रात्री पंधरा जणी हो म्हणतात. सकाळी एकीची सासू बिमार, दुसरी माहेरी. तिकडं बांधीत पऱ्हे उपटून पडलेले, अन् धानवाला माझ्या नावानं बोंबलून राहिला.

सूनबाई : नणंदेकडं त्याले लाइनअप म्हणतात. दहा पोरं "येतो मॅडम" म्हणतात, येतात चार. बाकीच्यांचे फोन बंद.

काकू : मंग एवढ्या कटकटीत गोडी काहून लागली तिले?

सूनबाई : तिनं बीए केलं, इतिहास घेऊन. इथं डिग्री कोणी पाहत नाही, माणूस पारखता आला पाहिजे. बुटीबोरीत वेल्डरला काय पगार, वरठीच्या सनफ्लॅगमध्ये कोणते ट्रेड लागतात, गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये कोणती कामं असतात, सगळं तोंडपाठ. टार्गेट भरलं तर पगारावर इन्सेंटिव्ह. अन् पोरगा कामावर लागला की त्याचा बाप फोन करते. तो फोन आला की दोन दिवस हवेत असते आमची नणंद!

काकू : पण आहे तं ठेकेदारीच ना? आता खुर्चीत बसून, एवढंच. सरकारनंही मधात तोच घाट घातला होता.

सूनबाई : हो, ६ सप्टेंबर २०२३ चा जीआर. नऊ कंपन्यांकडून कंत्राटी माणसं घ्यायची होती. पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा २० ऑक्टोबरला फडणवीसांनी रद्द केला.

काकू : मंग? पोरं उगाच पेटली होती का?

सूनबाई : उगाच नाही. ज्याला सरकारी नोकरी पाहिजे, त्याला एजन्सीची चिठ्ठी देऊन कसं चालंल? नणंदही तेच म्हणते. एजन्सीच्या हजेरीवरचा माणूस असला तर ती त्याला पहिली गोष्ट शिकवते : मोबाइलवर पीएफचं पासबुक पाहायचं. बारा हजार मूळ पगारावर १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले. पण भरले का? तेवढेच मालकाच्या वाट्याचे आले का? ईएसआयचं कार्ड निघालं का? कापले अन् भरले यात लय अंतर असते काकू.

काकू : हे मात्र अक्कलेचं शिकवते. बायांच्या मजुरीतून मी दहा रुपये जरी मारले ना, तं पुढच्या साली माझ्या हाकेले कुत्रं येणार नाही. कंपन्या शंभर भेटतील तिले. ज्या गावात एक पोरगं फसलं, त्या गावातून दुसरं भेटणार नाही.

सूनबाई : सांगतो तिले.

काकू : अन् हेही सांग, आखाडात दोन दिवस सुट्टी काढून ये म्हणा. एसीत बसून लाइनअप कोणीबी करते. पाऊस लागला असताना सकाळी सहाले पंधरा बाया बांधीत उभ्या करून दाखव, मंग तुले मॅडम म्हणीन!